चान्स किती?

रविवारी विहारात वंदना संपली की बाहेर चपला शोधता शोधता लोक मला गाठायचे. मे-जूनमध्ये तर एक चप्पल पायात आणि एक हातात अशा अवस्थेत मी अर्धा अर्धा तास उभा असे. "सर, पोरीला एवढे मिळाले. चान्स किती?" असं विचारून समोरचा माझ्या तोंडाकडे बघत राही. मी आकडा सांगायचो. साठ टक्के, चाळीस टक्के, काय असेल ते. आकडा घेतल्याशिवाय कोणी हलत नसे. 'होईल हो, प्रयत्न करा' असल्या गुळमुळीत उत्तरावर फॅक्टरीतल्या माणसाचं समाधान होत नाही. दिवसभर सुताच्या मापानं लोखंड कापणारी माणसं ती.

मी जबलपुरात राइट टाउनमधल्या एका शाळेत गणित शिकवायचो आणि राहायचो रांझीत. वडील खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामगार होते. ते भंडाऱ्याकडून इकडे आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. नंतर राज्यांची नव्यानं मांडणी झाली आणि आम्ही जागचे न हलता परप्रांतातले झालो. जातीचा दाखला काढायला जावं तर इथले म्हणत तुमचं गाव तिकडे, तिकडचे म्हणत तुम्ही राहता इकडे. विहारात येणाऱ्या कितीतरी घरांचं हेच रडगाणं होतं. त्यामुळे आमच्या पोरांचा अंदाज मला खुल्या यादीतच बांधावा लागे, आणि खुल्या यादीत अर्ध्या टक्क्यानंही माणूस बाहेर राहतो.

हा उद्योग माझ्या मागे लागला तो दिल्लीच्या त्या मोठ्या विद्यापीठामुळे. तिथली कॉलेजं जूनअखेरीस पहिली यादी लावत: अमुक टक्क्यांच्या वर असाल तर या, कागद द्या, जागा घ्या. जागा उरल्या की दुसरी यादी, थोडी खाली. मग तिसरी, चौथी, कधी पाचवीसुद्धा. प्रत्येक यादी दोन-तीन दिवस उघडी. त्या याद्या दिल्लीच्या पेपरात छापून येत आणि तो पेपर दिल्लीच्या गाडीनं एक दिवस शिळा होऊन आमच्या स्टेशनवर उतरे. मी स्कूटर काढून तिथे हजर. स्टॉलवाला भैया मला बघितलं की न विचारता गठ्ठा सोडायला घ्यायचा. घरी येऊन मी सगळे आकडे एका लांब वहीत उतरवून ठेवत असे. पाच-सहा वर्षांची वही झाली तेव्हा त्यातली चाल दिसायला लागली. इतिहासाची यादी फारशी हलत नाही, कारण इतिहासाची मुलं कुठे जात नाहीत. गणिताची मात्र जुलैत धाडकन खाली येते, कारण इंजिनियरिंगचे प्रवेश सुरू झाले की गणितात जागा धरून बसलेली मुलं उठून तिकडे पळतात. हे ज्याला कळलं त्याला निम्मं कळलं.

मला स्वस्थ बसता येत नाही, हा माझा जुना रोग आहे. वर्गातही मी फळ्यापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत शिकवायचो आणि पुढच्या बाकावरच्या मुलांच्या माना दुखायच्या. तेव्हा लोकांच्या पोरांच्या चिंतेत पाय झिजवणं मला मानवत होतं असंच म्हणायला हवं.

सुरुवातीला मी जे वहीत दिसे तेच सांगत असे. मग आमच्या गल्लीतल्या एका फिटरच्या थोरलीची वेळ आली. मी म्हणालो नव्वद टक्के. त्या भल्या माणसानं त्याच संध्याकाळी पेढे वाटले आणि पोरीला घेऊन दिल्ली गाठली. त्या वर्षी यादी जिथे थांबायला नको तिथे थांबली. पोर परत आली. फिटर मला काही म्हणाला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तो फॅक्टरीच्या बससाठी आमच्या घरासमोरच्या स्टॉपवर उभा राहिना, पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जाऊ लागला. महिनाभर मी खिडकीतून त्याची पाठ बघितली. एक दिवस न राहवून त्याला रस्त्यात गाठलं, तर म्हणाला, "तुमचं काही नाही सर. मीच येडा. दहा टक्के मले ऐकूच नाही आले."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तेव्हापासून एक नियम केला. वहीत जो आकडा निघेल त्यातून वीस वजा करायचे आणि मग सांगायचं. सत्तर निघाले तर पन्नास. साठ निघाले तर चाळीस. पोर लागलं तर आनंद दुप्पट, नाही लागलं तर 'सर म्हणालेच होते'. दोन्हीकडून माझी मान मोकळी. हे मी कोणाला, अगदी बायकोलाही सांगितलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, या हुशारीचा मला बऱ्यापैकी गर्वही होता. पुढच्या सगळ्या वर्षांत माझ्यामुळे कोणी बसस्टॉप बदलला नाही.

आणि मग माझ्याच मुलीचं बारावीचं वर्ष आलं.

ती गणितात माझ्यापेक्षा हुशार आहे. हे मी कौतुकानं नाही, चिडून म्हणतो; आठवीपासून ती माझ्या फळ्यावरच्या चुका घरी आणून दाखवायची. तिला दिल्लीलाच गणित शिकायचं होतं, एका ठरावीक कॉलेजात. का, ते तिनं एकदा मला सांगितलं होतं: "इथे कॉलेजात सर लोक गाइडमधून शिकवतात, बाबा. तिथे म्हणे लोक गणितावर भांडतात." भांडायला मिळावं म्हणून कॉलेजात जाणारी मुलगी माझ्याच पोटी यायची होती. अर्ज आम्ही मे महिन्यातच टपालानं पाठवला. निकाल लागला, गणितात वाटले होते तेवढेच गुण आले, पण इंग्रजीच्या पेपरनं घात केला आणि बेरीज जरा खाली आली.

त्या तीन आठवड्यांत मी घरात किती चाललो असेन त्याला सुमार नाही. पहिली यादी आली, तिच्या गुणांच्या तीन टक्के वर. दुसरी आली, दीड टक्का वर. प्रत्येक यादीला मी गाडीच्या वेळेआधी तासभर स्टेशनवर. गाडी उशिरा आली की मी प्लॅटफॉर्मच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. स्टॉलवाला एकदा म्हणाला, "मास्टरजी, बैठ जाइए, पेपर आपके चलने से जल्दी नहीं आएगा." मी बसलो आणि मिनिटभरात उठलो.

तिसरी यादी बुधवारी हाती पडली. पाऊण टक्का वर. आता पेच असा होता: इथल्या कॉलेजात तिचं नाव लागलेलं होतं, आणि गुरुवारी दुपारी दोनपर्यंत मूळ टी.सी. आणि मूळ गुणपत्रिका जमा केली नाही तर ती जागा जाणार होती. एकदा कागद जमा झाले की क्लार्क त्यांना भोक पाडून फाइलीला बांधतो, मग कलेक्टर आला तरी ते महिनाभर सुटत नाहीत. आणि दिल्लीवाल्यांनाही मूळच कागद हवे, झेरॉक्सवर ते बोलतसुद्धा नाहीत. म्हणजे कागद एक, दारं दोन. इथे दिले तर दिल्ली संपली. हातात ठेवले आणि चौथी यादी खाली आलीच नाही, तर इथलंही गेलं आणि वर्षही गेलं.

बुधवारी दुपारी मी वही घेऊन बसलो. गेल्या सगळ्या वर्षांची चौथी यादी काढली. इंजिनियरिंगचे प्रवेश त्याच आठवड्यात सुरू झाले होते, म्हणजे गणिताची मुलं आता उठणार. तीनदा मांडलं. सत्तर. जरा इकडे तिकडे, पण सत्तरच. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मी उठून कढीपत्ता आणायला म्हणून बाहेर पडलो. रांझीच्या बाजारापर्यंत जाऊन कढीपत्ता न घेता परत आलो.

"काय करून राहिले तुम्ही?" बायको म्हणाली. "चौथ्यांदा गेट उघडून राहिले. बसा न जरा."

"बसतो," म्हणालो आणि मागच्या अंगणात गेलो.

तिथे दोरीवर तीन स्वेटर वाळत होते. जुलै लागला तरी पावसाचा पत्ता नव्हता, लू म्हणजे तापलेला वारा अंगाला चटके देत होता, आणि आमच्या दोरीवर तीन स्वेटर. मुलीनं पेटीच्या तळातून काढून, धुऊन, बाह्या नीट खाली सोडून टाकले होते. दिल्लीत थंडी फार पडते असं तिनं कुठेतरी ऐकलं होतं. ती जाणार हे मला तोपर्यंत फक्त आकड्यांत माहीत होतं. त्या स्वेटरांकडे बघताना मला घर दिसलं, ती नसलेलं. संध्याकाळी माझ्या चुका काढायला कोणी नाही, जेवताना मी आणि बायको समोरासमोर, आणि आमचं एकमेकांशी बोलायचं सगळं तिच्यामार्फतच चालत आलेलं. मला भीती वाटली. सरळ सांगतो, तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी वाटली.

पाचच्या सुमाराला ती कूलरसमोर येऊन बसली. ओले केस वाऱ्याकडे धरले आणि म्हणाली, "बाबा, आता बरोब्बर सांगा. चान्स किती?"

माझ्या मनात नियमाप्रमाणे पन्नास तयार होते. हे मी शपथेवर सांगू शकतो. सत्तरातून वीस गेले, पन्नास. तोंड उघडलं आणि म्हणालो, "तीस."

"तीस?"

"हो. फार तर तीस."

ती जमिनीकडे बघत राहिली. बोटानं फरशीवर काहीतरी लिहिल्यासारखं करत होती. लहानपणापासून तोंडी हिशेब करताना ती तसंच करते. मी खिडकीपर्यंत गेलो, परत आलो. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या मागे नको लागू बेटा. एक वर्ष गेलं तर मग काहून गेलं म्हणशील."

"अच्छा," मुलगी म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "चलो, उद्या कागद देऊन येऊ."

गुरुवारी सकाळी मी तिला स्कूटरवर घेऊन कॉलेजात गेलो. रांगेत आमच्या पुढे बारा-पंधरा जण होते. त्या तासाभरात मी तीनदा तोंड उघडलं. एकदा म्हणालो, ऊन फार आहे. एकदा म्हणालो, तुला पाणी हवं का. तिसऱ्यांदा काही म्हणालोच नाही. क्लार्कनं कागद घेतले, तारीख टाकली, पंचिंग मशीन दाबलं. मला हायसं वाटलं, ते लपवत नाही. घरी येईपर्यंत ते हायसं वाटणं संपलं आणि त्या जागी जे आलं ते पुढे बरीच वर्षं गेलं नाही.

चौथी यादी सोमवारी आली. मी स्टेशनच्या बाकावर बसून ती वाचली. यादी तिच्या गुणांच्या खाली उतरली होती; तिला जागा मिळून वर पाव टक्का उरला असता. पेपर तिथेच टाकून यावं असं मनात आलं, पण तिला माहीत होतं की मी कुठे गेलोय. घरी आणला आणि तिच्या हातात दिला. तिनं वाचला, घडी घातली, आणि माझा चेहरा बघून मलाच समजवायला लागली. "असू द्या न, बाबा. तीस टक्के म्हणजे दहात तीनदा होतच असते. तुमचं गणित काही चुकलं नाही."

तिच्या आईनं नशिबाला दोष दिला. विहारात लोक म्हणाले, सर तरी काय करतील, यादी म्हणजे यादी. सगळ्यांनी मला माफ करून टाकलं, आणि कशाबद्दल ते कोणाला माहीत नव्हतं. टक्क्यांत बोलणाऱ्या माणसाला कोणी कधी पकडू शकत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी तिचा अपराधी होतो, आणि ती माझ्या ताटात जास्तीची पोळी वाढत होती.

तिचं वाईट झालं असं कोणी म्हणणार नाही. तिनं इथेच बी.एस्सी. केलं, एम.एस्सी. केलं, आता शहरातल्याच एका कॉलेजात गणित शिकवते. लग्न होऊन राइट टाउनमध्ये राहते, आठवड्यातून दोनदा स्कूटी घेऊन येते. मला हवं होतं तसंच सगळं झालं. पण कधी कधी ती एखादं अवघड गणित घेऊन येते, आम्ही मांडायला बसतो, मी दमतो, आणि ती इकडे तिकडे बघते, यावर भांडायला आणखी कोणीतरी हवं होतं अशी. तेव्हा मी उठून पाणी प्यायला जातो. दिवसातून किती पाणी पितो मी, असं बायको विचारते.

अंदाज सांगणं मी काही सोडलं नाही. लोक येत राहिले, मी वीस कापत राहिलो. याद्या आता मोबाइलवर दिसतात, तरी म्हाताऱ्याला विचारल्याशिवाय काहींना चैन पडत नाही.

गेल्या जूनमध्ये एका सकाळी मुलगी आली ती तिच्या एका विद्यार्थिनीच्या धाकट्या बहिणीचे गुण घेऊन. दिल्लीच हवी होती त्या मुलीलाही. मी चष्मा लावला, आकडे बघितले, पाचेक मिनिटं फेऱ्या मारल्या आणि म्हणालो, "पन्नास."

मुलीनं तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. "हां बेटा, सर पन्नास म्हणाले. मतलब सत्तर पकड. कागद कुठे देऊ नको, सरळ जा."

मी फेऱ्या मारताना थांबलो. "काय म्हणालीस तू?"

"काय?"

"सत्तर पकड म्हणालीस."

ती हसायला लागली. "बाबा, अख्ख्या रांझीला माहीत आहे. तुम्ही वीस कापून सांगता. त्या फिटर काकांनीच पहिले ओळखलं होतं; त्यांच्या धाकट्याच्या वेळी तुम्ही चाळीस म्हणाले, अन् वही उघडी होती, त्यात साठ होते. त्यांनी विहारात सगळ्यांना सांगून ठेवलं, सर घाबरतात, वीस मिळवून घ्या. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कोणी बोलत नाही."

"तुलाही माहीत होतं?"

"तर. शाळेत होती तेव्हापासून."

मी खुर्चीवर बसलो. किती वर्षांनी मी स्वतःहून बसलो असेन कोण जाणे. "मग तुझ्या वेळी?"

"माझ्या वेळी पण मिळवले न," ती म्हणाली. फोन पर्समध्ये टाकत, सहज. "तुम्ही तीस म्हणाले, मी पन्नास धरले. पन्नास म्हणजे नाणं उडवणं. आई म्हणाली वर्ष जाईल. मी म्हटलं, पन्नासवर नको. साठ असते तरी विचार केला असता."

बायको आत भाजी चिरत होती. सुरीचा आवाज येत होता. मी या वेळी तोंड उघडलं ते मिटलं नाही.

"त्या दिवशी मी वीस नव्हते कापले," मी म्हणालो. "चाळीस कापले होते."

तिनं खाली बघितलं. तिचं बोट पर्सच्या पट्ट्यावर हललं, एकदाच.

"म्हणजे सत्तर होते."

"हो."

"सत्तर असते तर मी गेलीच असती, बाबा."

"म्हणून नाही सांगितले," मी म्हणालो.